नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही: पडद्याचा फोटो पहिल्यांदा काढणाऱ्यांसाठी

आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावरसुद्धा स्टँडवर लांबून येणाऱ्या गाडीचा बोर्ड सगळ्यात आधी तेच वाचायचे, त्यामुळे शुगर आहे हे कळून नऊ वर्षं झाली तरी "माझे डोळे एकदम ओके आहेत" हे त्यांचं म्हणणं घरात कुणी खोडायच्या भानगडीत पडलं नाही. मधल्या काळात दोनदा चष्मा बदलला. दोन्ही वेळा दुकानात मशीनवर हनुवटी टेकवली, नंबर निघाला, समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, झालं. डोळ्याचा मागचा पडदा कुणी बघितलाच नाही, आणि तो बघायचा असतो हे आम्हालाही माहीत नव्हतं. शेवटी जेव्हा बघितला तेव्हा उजव्या डोळ्यात लाल ठिपके, नजरेच्या मध्यभागाशेजारी पिवळट कण आणि थोडी सूज, आणि त्याच डोळ्याने आप्पा त्या दिवशीही तक्त्यावर ६/६, म्हणजे पूर्ण नॉर्मल, वाचत होते. डॉक्टरांनी फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला तेव्हा आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "म्हणजे काच स्वच्छ आहे, इंजिनात गडबड आहे."

त्यानंतर मी आई, काकू, मामा, शेजारच्या वहिनी अशा बऱ्याच जणांना पडदा तपासायला घेऊन गेले, प्रत्येकाचे प्रश्न तेच असतात, भीतीपण तीच असते, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. उपचार काय घ्यायचे ते डॉक्टरच सांगणार, पण तिथे जाऊन काय होतं आणि आपण काय विचारायचं हे मला आता नीट माहितीये.

आधी गोंधळ दूर करू: "कम्प्युटरवर तपासले" म्हणजे पडदा तपासला का?

नाही. आणि हा गोंधळ इतका कॉमन आहे की सगळ्यात आधी हाच. दुकानात किंवा दवाखान्यात पहिल्या मशीनवर हनुवटी टेकवल्यावर आत एक सरळ रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा नाहीतर लांब एखादं घर दिसतं, ते चित्र एकदा धूसर एकदा स्पष्ट होतं, ते मशीन फक्त चष्म्याचा अंदाजे नंबर काढतं. दुसरं मशीन डोळ्यावर हवेचा फुस्कारा मारतं आणि माणूस दचकतो, ते डोळ्यातलं प्रेशर मोजतं, साधारण १० ते २१ च्या मध्ये आलं की नॉर्मल धरतात. या दोन्हींत पडदा दिसत नाही.

पडदा म्हणजे रेटिना, डोळ्याच्या आत सगळ्यात मागे पसरलेला पातळ थर, मध्यभागी त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखं समजा. समोरची लेन्स खराब झाली म्हणजे मोतीबिंदू झाला तर ती बदलता येते, पण पडदा बदलून मिळत नाही. त्यात दुखणं जाणवणाऱ्या नसाच नाहीत, त्यामुळे तिथे रक्त झिरपलं तरी डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. नजरेच्या बरोब्बर मध्यभागी सूज येईपर्यंत माणूस तक्ता आरामात वाचतो. त्रास नाही म्हणून तपासायचं नाही असं इथे चालतच नाही ते यासाठी.

हा पडदा बाहुलीतून आत उजेड टाकून बघावा लागतो. जिवंत माणसाचा पडदा बघायचं पहिलं उपयोगी उपकरण हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली तयार केलं, तोपर्यंत डोळ्याच्या आत काय चाललंय हे डॉक्टरांनाही बाहेरून कळायचं नाही. आज डॉक्टर कपाळावर दिवा आणि हातात भिंग घेऊन बघतात ते त्याचंच पुढचं रूप, आणि फंडस कॅमेरा तेच दृश्य फोटोत पकडतो. ओपीडीत या फोटोला "फंडस फोटो" म्हणतात, तोच शब्द वापरा, लगेच कळतं.

कोणी काढून घ्यायचा आणि कधी

शुगर असलेल्यांनी तर वाट बघायचीच नाही. टाइप २ मध्ये शुगर निघाली त्याच वेळी पडदा बघून घ्यायचा, कारण शुगर कळते तेव्हा ती आधीच काही वर्षं अंगात असू शकते, आणि मग दर वर्षी. टाइप १ मध्ये निदान झाल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी आणि पुढे दर वर्षी. आधीपासून शुगर आहे आणि दिवस राहिलेत, तर पहिल्या तीन महिन्यांतच दाखवायचं, कारण गरोदरपणात पडद्याचा त्रास भराभर वाढू शकतो. सुनेच्या डोहाळजेवणाची तयारी करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

बीपी जुनं असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, चष्मा उणे सहाच्या पुढचा असेल, तर शुगर नसली तरी पडदा दाखवा. संधिवातासाठी (आपल्याकडे कधीकधी शुगरसाठीसुद्धा) हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालू असेल तर सुरू केल्यापासून वर्षभरात एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी पडदा तपासायला सांगतात, कारण ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहीजणांच्या पडद्याच्या मध्यभागावर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. आणि काहीच नसेल तरी चाळिशीत जवळचा चष्मा लागतोच ना, त्या वेळी एकदा नीट पूर्ण तपासणी करून पहिला फोटो काढून ठेवा. या पहिल्या फोटोबद्दल पुढे बोलतेच, माझ्या मते सगळ्या लेखात तेच महत्त्वाचं आहे.

लहान बाळांचं वेगळं आहे पण सांगायलाच हवं. बाळ ३४ आठवड्यांच्या आत झालं असेल किंवा जन्मतः वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा बघायचाच, फारच लवकर झालेल्या बाळांचा त्याहूनही आधी. काचपेटीतून बाळ घरी आलं, दूध पितंय, बरं आहे, म्हणून ही तारीख चुकवू नका, इथे उशीर झाला तर कायमचं अंधत्व येऊ शकतं.

कुठे जायचं

चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट असतो, काही ठिकाणी हल्ली कॅमेरापण असतो, पण फोटो बघून निदान करायला नेत्रतज्ज्ञ लागतो आणि काही सापडलं तर रेटिना स्पेशालिस्ट. प्रायव्हेट परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजची डोळ्यांची ओपीडी किंवा जिल्हा रुग्णालय बघा, मुंबईत जे. जे., गोव्यात बांबोळीचं जीएमसी, आणि ट्रस्टची हॉस्पिटल्स आहेत, पुण्यात हडपसरजवळचं एच. व्ही. देसाई त्यातलंच. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, पण तपासणी होते. गावात मोतीबिंदूचं शिबिर लागतं तिथे बऱ्याचदा समोरची लेन्सच बघितली जाते, तेव्हा शिबिरात "सगळं ठीक" म्हणाले तरी "पडदापण बघितला का" हे तोंडाने विचारा.

फोन करताना तीन गोष्टी विचारून घ्या: थेंबांनी बाहुली मोठी करून (डायलेट करून) पडदा बघतात का, फंडस फोटो निघतो का, आणि फोटोची कॉपी देतात का. ओसीटीचे (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, त्याबद्दल पुढे) पैसे वेगळे आणि फोटोपेक्षा जास्त असतात, तेपण फोनवरच विचारा म्हणजे काउंटरवर तोंड पाडायची वेळ येत नाही.

घरून निघताना

उपाशी जायचं नाही! लोकांना वाटतं रक्ताची तपासणी असते तसं हेपण उपाशीपोटी असणार. आमच्या काकू शुगरची गोळी घेऊन, चहासुद्धा न पिता आल्या होत्या, ड्रॉप्स टाकून बसवलं, नंबर लांबला आणि अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, शेजारच्या बाईंनी पर्समधली लिमलेटची गोळी दिली म्हणून निभावलं. रोजचं खाणं, रोजच्या गोळ्या, सगळं वेळेवर करून जा आणि सोबत बिस्किटाचा पुडा ठेवा.

बरोबर एक माणूस हवाच. ड्रॉप्स टाकल्यावर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, त्यामुळे स्वतः गाडी चालवत परत यायचं नाही, टू व्हीलर तर अजिबात नाही. त्याच दिवशी बँकेत सह्या, फॉर्म भरणं, सुईदोरा, लॅपटॉपवरचं काम असं काही ठरवू नका. गॉगल नाहीतर टोपी, छत्री घ्या. काजळ-सुरमा लावू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डबी घेऊन जा कारण ड्रॉप्सच्या आधी त्या काढाव्या लागतात. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) शेवटचा रिपोर्ट, सध्याचा चष्मा, आणि जुनी फाईल. फाईल नसली तर काही बिघडत नाही, आजपासून सुरू होईल.

ड्रॉप्सचा अर्धा तास

आधी नंबर काढतील, तक्ता वाचून घेतील, प्रेशर बघतील, मग सिस्टर येऊन मान वर करायला सांगून दोन्ही डोळ्यांत थेंब टाकतील. थोडं चुरचुरतं, दहा-पंधरा सेकंद. मग डोळे मिटून बसायचं, चोळायचं नाही, आणि मोबाईल बघायचा नाही कारण थोड्या वेळाने अक्षरंच दिसत नाहीत. बाहुली मोठी व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आपल्यासारख्या काळ्या-तपकिरी डोळ्यांना जरा जास्त वेळ लागतो, आणि ज्यांची शुगर बरीच जुनी आहे त्यांची बाहुली हट्टी असते, दोनदा तीनदा थेंब टाकावे लागतात. आप्पांना तीनदा टाकावे लागले, तेव्हा ते वैतागले की हे लोक विसरतात वाटतं. विसरत नाहीत, बाहुली पुरेशी उघडली का ते टॉर्च मारून बघतात आणि मग ठरवतात.

थेंब टाकायच्या आधी एक गोष्ट सांगायची: आधी कधी काचबिंदू, अरुंद कोन असं काही कुणी सांगितलं असेल, थेंबांची ॲलर्जी असेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील. काही मोजक्या लोकांना बाहुली मोठी झाल्यावर डोळ्यातलं प्रेशर एकदम चढू शकतं. घरी गेल्यावर डोळा खूप दुखायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, उलटी झाली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी परत जायचं. हे क्वचित होतं पण माहीत असावं.

काही कॅमेऱ्यांना थेंब लागत नाहीत. खोलीत अंधार करतात, बाहुली आपोआप मोठी होते, कॅमेरा न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात फोकस करतो आणि मग एकदम फ्लॅश मारतो. सोय चांगली आहे, पण बाहुली लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर फोटो धुरकट येतो, आणि धुरकट फोटोवरून "नॉर्मल" म्हणता येत नाही. तसं झालं तर थेंब टाकून परत बघा असं आपणच म्हणायचं.

मशीनसमोर

हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला घट्ट चिकटवा, दात मिटलेले ठेवा. आत हिरवा दिवा किंवा फुली दिसते तिकडेच बघायचं. टेक्निशियन "डोळे मिचकवा... आता मोठे उघडा... हलू नका" म्हणतो आणि फ्लॅश पडतो, तेवढंच. स्पर्श होत नाही. फ्लॅशनंतर मिनिटभर जांभळा-हिरवा गोळा डोळ्यासमोर तरंगतो, तो जातो. आई विचारत होती की याने एक्स-रेसारखे किरण जातात का, तर नाही, हा नुसता उजेड आहे.

फोटो खराब येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कपाळ पट्टीपासून सुटतं. वयस्कर माणसं थकली की मान मागे घेतात. तुम्ही सोबत असाल तर मागे उभं राहून डोक्याला हलका आधार द्या, टेक्निशियनपण खूश होतो. स्टूल उंच-सखल करून घ्या, वाकून बसायला लागलं तर माणूस स्थिर राहतच नाही.

साधा फंडस कॅमेरा एका फोटोत साधारण ४५ अंशाचा भाग पकडतो, म्हणजे पडद्याचा मधला, महत्त्वाचा भाग, पण कडा नाहीत. वाइडफिल्ड म्हणून मोठं मशीन असतं ते एका फोटोत २०० अंशापर्यंत घेतं, त्यातले रंग कधीकधी हिरवट दिसतात कारण तो साधा उजेड न वापरता लेझरने काढलेला असतो, घाबरू नका. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना चष्म्याच्या तपासणीला गेल्यावर "थेंब टाकू की हा फोटो काढू, जादा पैसे पडतील" असं विचारलं जातं, तिथे पटकन फोटो म्हणायचा मोह होतो, ऑफिसला परत जायचं असतं ना. शुगर, मोठा मायनस नंबर, किंवा नवीन काही दिसत असेल तर फोटो काढा पण थेंबपण टाकून घ्या. ब्रिटनमध्ये तर शुगर असलेल्या १२ वर्षांपुढच्या सगळ्यांना एनएचएसकडून (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून) पडद्याच्या फोटोसाठी पत्र येतं. माझा मामेभाऊ ते पत्र दोनदा बाजूला ठेवून बसला होता, मामींनी फोनवर झापल्यावर गेला.

फोटो समोर आल्यावर

हा भाग मला मनापासून आवडतो. पहिल्यांदा बघताना नारिंगी-लाल गोल दिसतो, उगवत्या सूर्यासारखा, त्यात एक पिवळसर फिकट चकती आणि तिथून नदीच्या फाट्यांसारख्या निघालेल्या रक्तवाहिन्या. ती चकती म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड, फक्त दीड मिलिमीटरच्या आसपासचं. उजव्या डोळ्याच्या फोटोत चकती उजवीकडे असते आणि डाव्याच्या फोटोत डावीकडे, यावरून कुठला फोटो कुठल्या डोळ्याचा ते तुम्हीसुद्धा ओळखाल (रिपोर्टवर ओडी म्हणजे उजवा, ओएस म्हणजे डावा). चकतीपासून थोडं बाजूला जरा गडद डाग दिसतो, तो रोग नाही, तो मॅक्युला, नजरेचा मध्यभाग, आत्ता हे वाचताय ते त्यानेच. गडद आणि जाड रेषा शिरा, उजळ आणि बारीक रेषा धमन्या.

आता काय बघायचं. चकतीच्या मध्ये एक खड्डा असतो, तो चकतीच्या किती भागाइतका आहे हे आकड्यात लिहितात, सीडी रेशो म्हणून. ०.३ च्या आसपास बऱ्याच जणांचा असतो, ०.६ च्या पुढे गेला किंवा दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक असला तर काचबिंदूची शंका घेऊन पुढच्या तपासण्या सांगतात. शंका म्हणजे निदान नव्हे, काहींची चकतीच जन्मतः मोठी असते.

शुगरमध्ये आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, बारीक रक्तवाहिनीची भिंत फुगते त्याचे. मग डागांएवढं रक्त, मग मेणासारखे पिवळे चकचकीत कण, हे रक्तवाहिनीतून झिरपलेल्या चरबीचे. कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे मऊ डाग म्हणजे त्या जागी रक्तपुरवठा तुटलाय. बीपीवाल्यांमध्ये धमनी जिथे शिरेवरून जाते तिथे शीर दाबल्यासारखी दिसते. सगळ्यात नको असलेली गोष्ट म्हणजे नव्याने उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या, त्या फुटतात आणि डोळ्यात रक्त भरतं. रिपोर्टवर माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर असं लिहिलेलं असतं त्याच्या पुढची ती पायरी, प्रोलिफरेटिव्ह. तिथे लेझर, इंजेक्शनं, कधी ऑपरेशन लागतं. माइल्डवर बऱ्याचदा डोळ्याला काही करत नाहीत, शुगर-बीपी-कोलेस्टेरॉल ताब्यात आणा आणि सांगितलेल्या तारखेला या म्हणतात, आणि इथेच लोक निसटतात, "काही औषध दिलं नाही म्हणजे काही नाही" असं समजून.

एक बारीक गोष्ट: दोन्ही डोळ्यांच्या फोटोत अगदी एकाच जागी सारखाच धूसर ठिपका दिसला तर ती बहुतेक कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ असते. वहिनींच्या फोटोत तसा होता, त्या रडकुंडीला आल्या होत्या. टेक्निशियनने लेन्स पुसून परत काढला आणि ठिपका गेला. तरुण मुलांच्या फोटोत पडदा रेशमासारखा चकाकतो, तेपण नॉर्मल.

ओसीटी सांगितलं तर

फंडस फोटो वरून काढलेला नकाशा समजा, तर ओसीटी म्हणजे केक कापून थर बघणं. १९९१ साली हे तंत्र पहिल्यांदा मांडलं गेलं आणि आता तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातसुद्धा दिसायला लागलंय. पडद्याला सूज आहे का, पाणी साठलंय का, किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), हे त्यातच कळतं. आप्पांची सूज फोटोत जेमतेम जाणवत होती, ओसीटीत मध्यभागाच्या बाजूला काळे पोकळ कप्पे स्पष्ट दिसले. इथेही नुसतं हिरव्या फुलीकडे बघायचं, एक रेष सरकते, तिच्यामागे डोळा न्यायचा नाही.

रिपोर्टवर हिरवा, पिवळा, लाल रंग असतात. लाल म्हणजे तुमच्या वयाच्या लोकांच्या तुलनेत वेगळं, बस. मोठा मायनस नंबर असलेल्यांना काही आजार नसतानाही लाल येऊ शकतं, म्हणून लाल बघून रात्रभर झोप उडवून घेऊ नका. सिग्नलची ताकद किती आली तेपण छापलेलं असतं, ती कमी असेल तर स्कॅनच कच्चा असतो, पुन्हा काढून मागा.

हातात सलाईनसारखी सुई लावून पिवळा डाय सोडून फोटो काढतात ती अँजिओग्राफी, ती नेहमीच्या तपासणीत नसते, गरज पडली तरच. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी-केशरी होते, त्वचापण थोडी पिवळट, हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो.

मोबाईलवाला कॅमेरा आणि एआय

आता शुगरच्या काही डॉक्टरांकडेच छोटा कॅमेरा असतो, बेंगळुरूच्या रेमिडिओचा फोनवर चालणारा किंवा फोरसचा थ्रीनेत्र, आणि फोटो सॉफ्टवेअर तपासतं. २०१६ मध्ये गूगलच्या लोकांनी यावर गाजलेला अभ्यास छापला, त्यात भारतातल्या हॉस्पिटलांतलेही फोटो होते, आणि २०१८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरशिवाय निकाल देणाऱ्या अशा पहिल्या सॉफ्टवेअरला परवानगी मिळाली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शुगरची गोळी घ्यायला माणूस जातोच, त्याच खुर्चीत पडद्याचा फोटो झाला तर वेगळी खेप वाचते, शेतातली माणसं एका खेपेसाठी दिवसाची मजुरी सोडतात. फक्त हे सॉफ्टवेअर शोधायला शिकवलंय तेवढंच शोधतं, बहुतेक वेळा शुगरमुळे होणारा पडद्याचा त्रास. काचबिंदू, कडेचं छिद्र त्यात सुटू शकतं. "रेफर" आलं तर आठवड्याभरात डॉक्टर गाठा, "नॉर्मल" आलं तरी एकदा पूर्ण तपासणी कराच.

फोटोची वाट न बघता पळायचं कधी

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके-जाळं वाढलं, अंधारात विजा चमकल्यासारखं झालं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, किंवा एका डोळ्याची नजर एकदम गेली, तर अपॉइंटमेंट, शिबिर, रविवार काही बघू नका. त्याच दिवशी रेटिनाचा डॉक्टर. पडदा फाटत किंवा सुटत असू शकतो आणि छिद्र बहुतेक कडेला असतं, साध्या फोटोत येतच नाही, तिथे डॉक्टरांनी थेंब टाकून कपाळावरच्या दिव्यानेच बघायला लागतं.

फोटो घरी आणा

पहिल्या फोटोबद्दल बोलते म्हटलं होतं ते हे. एकटा फोटो आज काय आहे तेवढंच सांगतो. खड्डा ०.५ आहे, ठीक, पण मागच्या वर्षी किती होता? चार ठिपके आहेत, वाढलेत की कमी झालेत? हे दुसरा फोटो शेजारी ठेवल्यावरच कळतं, आणि आपल्याकडे माणूस गाव बदलतो, डॉक्टर बदलतो, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बदलतं, मग जुना फोटो मिळत नाही. कागदावरची प्रिंट पुढे फिकट पडते. म्हणून निघायच्या आधी काउंटरवर थांबा आणि मूळ फोटो मेलवर नाहीतर पेनड्राइव्हवर मागा, स्क्रीनचा मोबाईलने काढलेला फोटो नको, व्हॉट्सॲपवर देत असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा म्हणजे बारीक ठिपके पुसले जात नाहीत. मागायला लाजू नका, तुमच्याच डोळ्याचा फोटो आहे. आणि डॉक्टरांना उठायच्या आधी विचारा: पडदा थेंब टाकून पूर्ण बघितला ना, काय सापडलं ते कागदावर लिहून द्याल का, पुढची तपासणी नक्की कुठल्या महिन्यात.

मी फोल्डरला माणसाचं नाव देते आणि फोटोला वर्ष-महिना-डोळा, म्हणजे "आप्पा २०२४ जून उजवा". त्यात त्या महिन्याचा एचबीए१सी आणि बीपी पण लिहिते. आप्पांच्या फोल्डरमध्ये आता सहा वर्षांचे फोटो झालेत. इंजेक्शनं झाली, इन्सुलिन सुरू झालं, रात्रीची जिलेबी बंद झाली. मागच्या खेपेला डॉक्टरांनी पहिला आणि शेवटचा असे दोन फोटो शेजारी लावले, आप्पांनी चष्मा वर करून, नाक स्क्रीनला टेकेल इतकं पुढे होऊन एकेक पिवळा कण मोजला, पहिल्यात सतरा निघाले, शेवटच्यात तीन. पुढची तारीख त्यांनी स्वतःच कॅलेंडरवर लिहिली, लाल पेनाने, मोठ्या अक्षरात.